गायधनींच्या डिकीतले शर्ट

ये गं केतकी, अशी जवळ बस. म्हणजे ह्या कतारात तू तिकडे लुसैलच्या टॉवरात आणि मी इकडे वक्र्याला, पण वाचताना तरी शेजारी बसल्यासारखी बस, आणि आधी तो फोन पालथा ठेव. मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. फार नाही, बहिणीची लेक तू, तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे? पण परवा माझ्याकडे जेवताना तू सहज विचारलंस, "मावशी, ते पेटीवाले काका म्हणजे कोण गं? आमच्या ग्रुपवर त्यांचा तो व्हिडिओ अजून फिरतो," आणि हसलीस. माझा घास हातातच राहिला. ताटावर बसलेल्या पोरीला बोलायचं नाही असं मला वळण आहे, म्हणून गप्प बसले. पण तू गेल्यावर भांडी आवरताना ते काही डोक्यातून जाईना. तोंडानं सांगायला गेले तर मी भरकटते आणि तू घड्याळ बघतेस, म्हणून लिहून काढते. शाळा माझी सातवीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुझं तू बघून घे.

पेटीवाले हे नाव त्या व्हिडिओनं दिलेलं. माणसाचं नाव माधव गायधनी. सिन्नरचे. दुखानला आमच्या मागच्याच ओळीत राहायचे, तेलकंपनीच्या घरात. तुझे काका, म्हणजे आमचे हे, आणि ते एकाच बसनं कामाला जायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. त्यांची बायको शुभा, तिच्या हातच्या मसाल्याचे वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे, पण तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

भाऊजींचं काम विजेच्या सुरक्षिततेचं. कुठे वायर उघडी आहे, कुठे जोडणी ढिली आहे, हे बघत हिंडायचं. ती खोड घरातही. कोणाकडे गेले की बसायचे नाहीत, आधी भिंतींकडे बघायचे. माझ्या मिक्सरचा प्लग जरा काळा पडला होता, तर म्हणाले, "वहिनी, हा कोणावर सूड उगवायला ठेवलाय?" आणि पुढच्या वेळी स्वतः नवा प्लग घेऊन आले. चहा बशीतून प्यायचे, भुरका मारून, अरबी साहेबासमोरसुद्धा. आणि खुर्चीतून उठताना हळूच स्वतःलाच म्हणायचे, "यल्ला." म्हणजे चला. दुसऱ्या कोणाला घाई केलेली मी ऐकली नाही, ते यल्ला फक्त स्वतःच्या गुडघ्यांसाठी.

आता पेटीचं.

सिन्नरकडचाच एक मुलगा इकडे बांधकामावर होता. बिरकत अल अवामेरला कामगारांच्या खोल्या आहेत ना, तिथे राहायचा. तो एका दुपारी वारला. कंपनीच्या लोकांना त्याच्या घरच्यांची भाषा येईना, म्हणून कोणीतरी भाऊजींना फोन जोडून दिला. तिकडून त्याची बायको रडली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, त्यांच्या अंगात कुठला शर्ट आहे? भाऊजींना सांगता येईना. कारण अंगात हॉस्पिटलची चादर होती. ते तुझ्या काकांना म्हणाले, मी खोटं बोललो, निळा म्हणालो, आणि आता मला निळा शर्ट घ्यायला पाहिजे.

त्या दिवसापासून त्यांच्या गाडीच्या डिकीत नवे शर्ट असायचे. पाकिटातले, पिना न काढलेले, लहानमोठ्या मापाचे. एक धुतलेली चादर आणि एक नारळ. रिटायर झाले, मुलाच्या व्हिसावर दोह्यात राहायला आले, तरी डिकी तशीच. मराठी कामगार कुठेही वारला की फोन त्यांना यायचा. ते पहिला प्रश्न विचारायचे, घरात त्याला काय म्हणायचे? कागदावरचं नाव नाही, घरातलं. कोणी बाळ्या, कोणी नाना, कोणी नुसता दादा. मग शवपेटी बंद व्हायच्या आधी वाकून त्याच्या कानाशी म्हणायचे, "बाळ्या, चल रे, गावाला निघालोय." तुझ्या काकांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन कितीतरी वेळ बाथरूमचा नळ सोडून बसले.

एकदा यवतमाळकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला मेव्हणीच्या लग्नासाठी मोरपंखी शर्ट घ्यायचा होता, तो राहिला. झालं, दोघं मित्र निघाले सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, मोरपंखी शर्ट शोधायला, भर उन्हाळ्यात. दुकानदार निळा दाखवतोय, हिरवा दाखवतोय. एक सापडला, तर भाऊजींनी फोटो काढून त्या बाईला पाठवला. तिचं उत्तर आलं, जरा गडद हवा. पुन्हा शोधाशोध. तुझे काका वैतागले, घामानं भिजलेले, म्हणाले, "अहो गायधनी, तो आता बघणार आहे का?" भाऊजी म्हणाले, "तो नाही हो. ती बघणार आहे."

पण केतकी, नुसते शर्ट वाटत हिंडले असते तर सगळ्यांचे लाडके राहिले असते. त्यांना आणखी एक सवय होती. प्रत्येकाच्या मृत्यूच्या कागदावर एकच ओळ असायची, हृदय बंद पडलं. पंचविशीतल्या पोराच्या कागदावरही तेच. भाऊजी तो कागद घेऊन कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायचे आणि अगदी नम्रपणे विचारायचे, "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं साहेब. ह्याचं का पडलं?" उन्हात किती वेळ होता, पाणी कुठे होतं, वायर कुठली होती. विजेच्या माणसाला वायर आठवणारच. कधी उत्तर मिळायचं, बहुतेकदा नाही. पण विचारणारा कोणीतरी आहे हे कळल्यावर काही ठिकाणी दुपारची सुट्टी खरंच सुट्टी झाली, हे मला कामगारांनीच सांगितलंय.

आता त्या निवडणुकीकडे येते. तू नवीन आहेस, तुला हे माहीत नसेल. इथल्या सगळ्या भारतीय मंडळांची मिळून एक मोठी समिती आहे. तिच्यात मदतीचं एक खातं आहे. त्या खात्यावरच्या माणसाला ओळखपत्र मिळतं, आणि ते गळ्यात असलं की कामगारांच्या वस्तीत सोडतात, हॉस्पिटलात उभं करतात, कंपनीवाला फोन उचलतो. कुरियन म्हणून एक मलयाळी गृहस्थ ते खातं बघायचे, आणि भाऊजी त्यांच्या सावलीत सगळं करायचे. कुरियन कायमचे केरळला निघाले. जाताना भाऊजींना म्हणाले, आता तुम्ही उभे राहा, नाहीतर तुम्हाला गेटवरच थांबवतील.

मोठ्या निवडणुकीत आपली मतं फुटू नयेत म्हणून मराठी मंडळी आधी आपापसात एक नाव ठरवतात. तिला आम्ही घरची निवडणूक म्हणायचो. दुखानला ती क्लबच्या खोलीत व्हायची, मत म्हणून स्टीलच्या डब्यात एकासाठी हरभरा टाकायचा, दुसऱ्यासाठी राजमा. नियम दोनच. उभ्या राहिलेल्यानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं, दुसऱ्याबद्दल चकार शब्द नाही; आणि हातातला चहा संपला की भाषण संपलं. हरलेला जिंकलेल्याला स्वतःच्या हातानं श्रीखंड वाढायचा. एकदा एक जण चहा ओठाला न लावताच बोलत सुटला, तर बायकांनी त्याच्या कपात बोट बुडवून गार झाल्याचं जाहीर केलं. इतकं ते सगळं घरचं होतं.

ह्या वेळी भाऊजींसमोर निनाद उभा होता. बँकेत आहे, तुमच्याच लुसैलला राहतो, गोड मुलगा. त्याला मदतखात्यात काय रस होता ते मला कळलं नाही, पण मुलगा वाईट नाही हे मी आजही म्हणेन.

व्हिडिओ त्यानं केला नाही. कोणी केला ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते मी लिहिणार नाही. एवढंच ठाऊक आहे की कामगार पुरवणाऱ्या काही लोकांना भाऊजींचा तो एक प्रश्न नको होता. फोनवर एक पान निघालं, मराठी हितचिंतक म्हणून. नंबर भारतातला. त्यातला एकही हितचिंतक आमच्या मंडळाचा सभासद नव्हता, हॉलमध्ये येऊन मत देणार नव्हता, चहा पिणार नव्हता. पण पैसे भरून ती जाहिरात आमच्या सगळ्यांच्या फोनवर येत होती. मी पुरणपोळीची रेसिपी बघतेय आणि मध्येच शवपेटी.

फार सफाईदार केला होता गं. साड्यांच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातीत असतो तसा भरदार आवाज, मागे सनई, तीही रडकी. भाऊजींचा शाल घेऊन हसतानाचा फोटो, जो आपल्याच गणपतीतल्या सत्काराचा, हातात पाकीट. त्या पाकिटात दिवाळीच्या कार्यक्रमाचे पास होते, मीच भरले होते. तो फोटो कापून पेटीशेजारी चिकटवला. आणि आवाज विचारतो, पेटीच्या आडून कोण मोठं होतंय? पाकिटात काय आहे? आम्ही काही म्हणत नाही, आम्ही फक्त विचारतो. शेवटी भाऊजींची नाशिकमधली म्हणून एक उंच बिल्डिंग दाखवली, तिच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

आता ऐक, आपल्या माणसांनी काय केलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. पहिल्या दिवशी तरी नाहीच. सगळे चिडले. आणि चिडून प्रत्येकानं तो व्हिडिओ दुसऱ्याला पाठवला. खाली लिहून, किती हलकट लोक आहेत बघा. काकांच्या बाबतीत असं करवतं तरी कसं? शाळेच्या आयांच्या ग्रुपवर, नाशिककरांच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर. ज्यांच्यापर्यंत ती जाहिरात पैशानं पोचली नव्हती, त्यांच्यापर्यंत ती आपल्या कळवळ्यानं पोचली. आणि काहींनी तर खुद्द भाऊजींनाच पाठवला. काका, हे बघितलंत का? काळजी घ्या.

दहा जणांकडून तीच गोष्ट कानावर आली की माणूस बातमी विसरतो आणि वास तेवढा लक्षात ठेवतो. आठवडाभरात लोक म्हणायला लागले, म्हणजे खरं नसेलच, पण पाकीट कसलं होतं म्हणे?

निनाद माझ्याकडे आला, पाया पडला, म्हणाला, मावशी, ह्यात माझा हात नाही. मी म्हटलं, मग तसं सगळ्यांना सांग. तो म्हणाला, मी बोललो तर तो आणखी फिरेल. ते खरंही होतं आणि त्याच्या सोयीचंही होतं. मी त्याला लाडू दिला. दुसरं काय देणार?

आमचा लेक संदीप म्हणाला, इथला कायदा कडक आहे. फोनवरून कोणाची बदनामी केली तर इथले पोलीस सोडत नाहीत. काका, तक्रार करा. भाऊजींनाही पटलं. सकाळी शर्ट इस्त्री करून पोलीस ठाण्यात गेले. दुपारी आमच्याकडे आले. बसले नाहीत, भिंतीकडेही बघितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. पाणी दिलं. मग म्हणाले, ऑफिसर फार सभ्य होता. त्यानं विचारलं, बाहेरच्या देशातल्या माणसाचं नंतर बघू, आधी इथे तुम्हाला हे कोणी पाठवलं ते फोन उघडून दाखवा. इथे बसून जो पुढे पाठवतो तोही गुन्हेगारच.

मी विचारलं, मग?

"फोन उघडला तर पहिलं नाव तुमच्या मेघनाचं होतं, वहिनी."

मेघना, आमची सून, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात भाजीची चाळण, धुतलेली मेथी निथळत होती, तिचं पाणी जमिनीवर टपटपत होतं आणि कोणी पुसत नव्हतं. तिच्यामागे आणखी कितीजण होते त्या फोनात. भिशीतल्या बायका, दुखानचे जुने शेजारी, शुभाची मैत्रीण. एकेकाचा व्हिसा, एकेकाची नोकरी, पोरांच्या शाळा. ज्यांनी तो व्हिडिओ केला ते मात्र कुठल्या तरी गार खोलीत भारतात बसलेले.

भाऊजींनी ऑफिसरला सांगितलं, माझ्याकडून चूक झाली, मला तक्रार नाही. आभार मानून शुक्रन म्हणाले आणि परत आले. संदीप म्हणाला, निदान निवडणुकीच्या सभेत तरी खुलासा करा. भाऊजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. निघताना मेघनाला म्हणाले, "मिक्सर नीट चालतोय ना गं?" ती आत जाऊन रडली.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती, शुक्रवारी. नवी मुलं खूप आली होती, तुझ्यासारखी, वर्षा-दोन वर्षांच्या कंत्राटावरची, ज्यांना भाऊजी फक्त फोनवरच माहीत होते. निनाद बोलला, छान बोलला, ॲप करू म्हणाला, सगळं एका क्लिकवर आणू म्हणाला. मग भाऊजी उठले. यल्ला म्हणाले, माइकवरून ऐकू आलं, थोडे लोक हसले. कप हातात, बशी नव्हती. आता कागदी कप असतात ना.

फार थोडं बोलले. म्हणाले, मी माधव गायधनी. आपली माणसं इथे मरतात, त्यांच्या कागदावर एक ओळ असते. ती ओळ लिहिणाऱ्याला समोर बसून का म्हणून विचारायला एक ओळखपत्र लागतं. मला ते त्यासाठी हवंय, दुसऱ्या कशासाठी नको. आणि चहाचा घोट घेतला.

मागून कोणीतरी, चांगल्या मनानंच, म्हणालं, "काका, त्या व्हिडिओबद्दल दोन शब्द बोला ना. विषय मिटेल."

माझ्या शेजारी मेघना बसली होती, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. खुलासा करायचा तर मागाहून प्रश्न येणारच होता, मग काका, तक्रार का नाही केलीत? आणि त्याचं खरं उत्तर त्या हॉलमध्येच ओळीनं खुर्च्यांवर बसलं होतं. भाऊजींनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं. त्यांनी कपात बघितलं, तो तोंडाला लावून पुरता रिकामा केला.

"चहा संपला," म्हणाले, आणि खाली बसले.

दुखानच्या जुन्या माणसांना कळलं. नव्यांना कळलं नाही, त्यांना वाटलं, माणूस टाळतोय. माझ्यामागे एक मुलगी म्हणाली, काहीतरी असणार, उगाच कोणी गप्प बसत नाही.

मत फोनवरच द्यायचं होतं. ज्या हातात तो व्हिडिओ, त्याच हातात मत. ते हरले. थोडक्यातही नाही. आणि श्रीखंड वाढायला स्वतः उठले, कारण नियम होता. निनादच्या वाटीत वाढलं, वर एक चारोळी पडली नव्हती तर चमच्यानं शोधून घातली. निनादला ते गिळेना. तो वाटी हातात धरून बसून राहिला.

मग निनाद मोठ्या समितीत गेला. ॲप झालं. फॉर्म भरला की उत्तर येतं, तुमची विनंती नोंदवली आहे. मी वाईट बोलत नाही, त्याला नोकरी आहे, तो किती धावणार? पण थोड्याच दिवसांत बिरकत अल अवामेरहून एका कामगाराच्या भावाचा फोन आला, भाऊजींनाच आला, कारण त्या वस्तीला निवडणूक काय ठाऊक? भाऊजी गेले. गेटवरचा रखवालदार त्यांना इतकी वर्षं सलाम करायचा. त्यानं खाली बघत कार्ड मागितलं. ते उन्हात उभे राहिले. निनादला फोन लावला, तो अदबीनंच म्हणाला, काका, त्यांना फॉर्म भरायला सांगा ना. भाऊ रडत होता, त्याला इंग्रजी फॉर्म काय समजणार? तो कामगार गेला गावाला, पेटीतून, कागदावरची ओळ तीच. का म्हणून कोणी विचारलं नाही. अंगात काय होतं तेही कोणाला माहीत नाही. भाऊजींनी घेतलेला शर्ट डिकीत राहिला.

त्यानंतर ते शांत झाले. कोणाकडे गेले की सरळ बसायचे. लोक प्रेमानं वागायचे, फार प्रेमानं, जसं आजाऱ्याशी वागतात तसं. एकदा शुभाबरोबर वाणसामान घेताना कोणाचं तरी लहान पोर इंग्रजीत ओरडलं, मम्मा, कॉफिन अंकल. आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. शुभानं मला हे सांगितलं, भाऊजींनी नाही. मग त्यांनी परत जायचं ठरवलं. मुलानं थांबवलं, मी थांबवलं. म्हणाले, "वहिनी, इथे माझं काम प्रश्न विचारायचं होतं. आता मी तोंड उघडलं की लोक पाकीट आठवतात."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. शुभाकडे राहिलेला माझा डबा परत करायला आले होते. वर या म्हटलं, नको म्हणाले. डिकी उघडली आणि आतून पिशवी काढली, शर्टांची. सगळे पाकिटातले, पिना तशाच. सर्वात वर एक मोरपंखी होता, तो पहिला, फिका निघालेला. "कोणाला लागले तर," म्हणाले. मी घेतले. मला विचारायचं होतं, कोण मागायला येणार, आणि मला गेटमधून आत कोण सोडणार?

त्यांनी डिकीत एकदा हात फिरवला, कोपऱ्यात काही राहिलंय का बघायला. काही नव्हतं. तरी झाकण लावायचं सोडून ते तसेच रिकाम्या डिकीसमोर उभे राहिले. उन्हानं पत्रा तापला होता, हात भाजत असणार. मी वाट बघत होते, आता यल्ला म्हणतील. म्हणाले नाहीत. झाकण हळूच खाली दाबलं, गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "तो खालच्या मीटरचा बोर्ड उघडा आहे, वॉचमनला सांगा." आणि गेले.

बोर्ड अजून उघडाच आहे. मी सांगितलं होतं.

तर असे तुझे पेटीवाले काका. व्हिडिओ अजून फिरतो म्हणालीस, तो फिरणारच. तुम्ही कोणी आता तो पुसलात तरी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनात असेल. हे मी काही होईल म्हणून लिहिलं नाही. फक्त तू हसू नयेस म्हणून लिहिलं.

आणि केतकी, परवा बोलता बोलता तू म्हणालीस की तुझ्या ऑफिसात गेलेल्या कामगारांचे असले एका ओळीचे कागद सहीसाठी येतात, आणि तुम्ही ते पुढे पाठवता. मी तेव्हा भाजी वाढत होते. शर्ट माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेत. माझा हात आता तिथे पोचत नाही. ये एकदा. ह्या शुक्रवारी नाही जमलं तर पुढच्या ये, डाळिंब्यांची उसळ करते, पण लवकर ये. स्टुलावर चढून ते खाली काढून दे मला.